तिसरी वस्ती आधी ठरवा: कटान आणि बेटांवरचे इतर पटखेळ

कटान म्हणजे बेटावर वस्त्या वसवत दहा गुण गाठायचा पटखेळ. त्याचे सुरुवातीचे दहा-बारा डाव मी एकाच तऱ्हेने हरलो. पटावरचा सगळ्यात चांगला कोपरा हेरायचा, इतरांच्या आधी तिथे वस्ती ठोकायची आणि मनातल्या मनात खूश व्हायचं. त्यातला एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. एका अंगाला ८ चं खनिज (म्हणजे फाशांवर ८ पडला की खनिजाचा पत्ता), दुसऱ्या अंगाला ५ चा गहू, तिसऱ्या अंगाला ९ चा गहू. दुसरी वस्तीही तशीच, खनिजाला चिकटून. पत्ते इतके येत होते की बाकीचे वैतागले होते. बघता बघता दोन्ही वस्त्यांची शहरं झाली आणि माझा डाव तिथेच थिजला. दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी दुसऱ्यांच्या वस्त्या बसल्या होत्या. माझ्याकडे ना वीट होती, ना लाकूड, आणि असतं तरी जायला जागा नव्हती. गव्हाची कोठारं भरून मी चार गुणांवर बसून राहिलो. जिंकला तो, ज्याच्या पहिल्या दोन्ही वस्त्या माझ्यापेक्षा गरीब होत्या.

त्यानंतर मी पट बघायची पद्धत बदलली. पहिली वस्ती ठेवण्याआधी तिसरी कुठे होणार हे नक्की करायचं. पुढचं सगळं त्याच एका सवयीभोवती फिरतं. नियम माहीत आहेत, दोन-चार डाव झालेत, पण जिंकणं काही जमत नाही, अशांसाठी हे लिहितोय. नियमांची उजळणी लागेल तेवढीच करेन. टेबलावर आपण सगळे व्हीट, शीप, ब्रिक असंच ओरडतो. इथे लिहिताना गहू, मेंढी, वीट म्हणतो.

बेट वाचायला शिका

कटान १९९५ साली जर्मनीत आला. तो रचणारे क्लाउस टॉयबर पेशाने दंततंत्रज्ञ होते. समुद्र ओलांडून आइसलँडला पोचलेले आणि तिथे घरं वसवणारे लोक ही त्यांची मूळ कल्पना होती. ती इतकी पसरली की तिच्यातून एकाहून जास्त खेळ निघाले. शोधमोहिमेचा भाग १९९६ च्या 'एंटडेकर'मध्ये गेला, वसवण्याचा कटानमध्ये राहिला. म्हणूनच साध्या कटानमध्ये अज्ञात असं काही नसतं. सगळं बेट पहिल्या मिनिटापासून उघडं असतं. ते न वाचता सोंगटी उचलणाऱ्याला नशिबाला बोल लावायचा हक्क नाही.

बेटाचे १९ षटकोनी तुकडे असतात. लाकूड, मेंढी आणि गहू प्रत्येकी चार, वीट आणि खनिज प्रत्येकी तीनच, आणि एक वाळवंट. वाळवंट सोडून बाकी १८ तुकड्यांवर आकड्यांच्या चकत्या येतात. चकतीवर आकड्याखाली बारीक ठिपके असतात. बरेच जण ते नक्षी समजून सोडून देतात. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी किती जोड्यांत तो आकडा येतो, हे ते ठिपके सांगतात. ६ आणि ८ ला पाच, ५ आणि ९ ला चार, ४ आणि १० ला तीन, ३ आणि ११ ला दोन, २ आणि १२ ला एक.

पट मांडून झाला की एक मिनिट मागून घ्या आणि मालागणिक ठिपके मोजा. पूर्ण बेटावर मिळून ५८ ठिपके असतात. म्हणजे चार तुकडे असलेल्या मालाला साधारण १३ आणि तीन तुकडेवाल्याला १० च्या आसपास यायला हवेत. समजा विटेच्या तीन तुकड्यांवर ३, ११ आणि ४ आलेत. एकूण ठिपके सात. म्हणजे या डावात वीट सगळ्यांनाच महाग पडणार आणि नव्या वस्त्या हळू होणार. अशा वेळी ४ ची वीट ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात सगळे सौद्याला येतील. किंवा तुम्ही विटेचा नाद सोडून शहरं आणि डेव्हलपमेंट कार्डं (पत्ते देऊन विकत घ्यायची खास कार्डं) या वाटेने जाल. उलट खनिजावर ६ आणि ९ असतील, तर शहरांची शर्यत लागेल. डाव कोणत्या अंगाने जाणार हे फासा पडायच्या आधीच निम्मंअधिक दिसतं.

कोपरा निवडताना

तीन तुकडे मिळतात त्या कोपऱ्यावर तिन्ही चकत्यांचे ठिपके मिळवा. लाल आकडे, म्हणजे ६ आणि ८, शेजारी-शेजारी ठेवायचे नसतात. त्यामुळे एका कोपऱ्याची कमाल बेरीज १३ होते: पाच, चार, चार. माझा तो गहू-खनिजाचा कोपरा नेमका तेराचा होता. तेराच्या वस्तीला दर फाशाला सरासरी १३ भागिले ३६ पत्ते मिळतात. चौघांच्या एका फेरीत चार फासे पडतात, म्हणजे फेरीला जेमतेम दीड पत्ता. दहाच्या कोपऱ्याला तोच आकडा १.१ येतो. फरक आहे, पण ज्यासाठी सगळं भवितव्य गहाण टाकावं एवढा नाही. नवखा माणूस ठिपक्यांना गरजेपेक्षा जास्त भुलतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

दोन्ही वस्त्या ६ वरच ठेवल्या काय आणि एक ६ वर, एक ८ वर ठेवली काय, सरासरी तीच. फरक पडतो तो कोरड्या फेऱ्यांत. वेगवेगळे आकडे धरलेत तर हात पूर्ण रिकामा राहण्याची वेळ कमी येते. मी पाच-सहा वेगळे आकडे धरायचा प्रयत्न करतो, पण त्यासाठी चांगली जागा सोडत नाही.

तिसरी वस्ती: खरं काम इथे आहे

पटावर ५४ कोपरे आहेत. दोन वस्त्यांमध्ये किमान दोन रस्त्यांचं अंतर लागतं. म्हणजे एक वस्ती बसली की ती स्वतःचा कोपरा खाते आणि शेजारचे तीनही निकामी करते. चौघांच्या आठ वस्त्या बसेपर्यंत ५४ पैकी जास्तीत जास्त ३२ कोपरे बाद होऊ शकतात. उरलेल्यांतले बरेच किनाऱ्यावरचे, कमी ठिपक्यांचे. तिसऱ्या वस्तीसाठी चांगली जागा उरेलच हे गृहीत धरणं म्हणजे सणाच्या गर्दीत चढल्यावर बसायला जागा मिळेल असं मानणं.

म्हणून कोपरा आवडला की लगेच सोंगटी ठेवू नका. आधी पुढचं तपासा.

या कोपऱ्यापासून दोन रस्त्यांवर कोणते कोपरे आहेत? त्यांतला एक 'लक्ष्य' म्हणून धरा. तुमची वस्ती आणि लक्ष्य यांच्या मधला कोपरा सुरक्षित असतो, कारण तो तुमच्या वस्तीला लागून असल्यामुळे तिथे कुणालाच बसता येत नाही. धोका असतो तो लक्ष्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथल्या शेजारच्या कोपऱ्यावर कुणी बसलं की तुमचं लक्ष्य गेलं. म्हणजे नजर ठेवायची ती लक्ष्यावर आणि त्याच्या उरलेल्या दोन शेजाऱ्यांवर.

मग दुसरा प्रश्न: तिथे पोचायला इतरांना किती रस्ते लागतील? तुमचा पहिला रस्ता लक्ष्याच्या दिशेने आधीच टाकलेला असेल, म्हणजे तुम्हाला आणखी एकच लागतो. समोरच्याला तीन लागत असतील तर जागा तुमची समजा. त्यालाही एकच लागत असेल तर ती शर्यत आहे, आणि शर्यतीत फासे कुणाचे नातेवाईक नसतात. दुसरा पर्याय हाताशी ठेवा.

एक उदाहरण घेऊ. पहिला कोपरा बेटाच्या मध्यावर, तेरा ठिपक्यांचा, गहू-गहू-खनिज. आजूबाजूला सगळे लाल आकडे, म्हणजे सगळे तिकडेच येणार. दुसरा कोपरा कडेजवळ: ६ चं लाकूड, १० ची वीट, ११ ची मेंढी. पाच, तीन, दोन मिळून दहाच ठिपके. पण त्याच्यापासून दोन रस्त्यांवर किनाऱ्याचा एक कोपरा आहे, त्याला ९ चा गहू लागतो आणि तिथे तीनास एक दराचं बंदर आहे, म्हणजे एका मालाचे तीन पत्ते देऊन हवा तो एक घ्यायचा. बाकी कुणालाही तिथे यायला निदान तीन रस्ते लागतील. आज मी डोळे झाकून दुसरा कोपरा घेतो. पुढच्या रस्त्याला आणि वस्तीला मिळून सहा पत्ते लागतात: दोन लाकडं, दोन विटा, एक गहू, एक मेंढी. त्यातले गहू सोडून सगळे प्रकार हाच कोपरा देतो. गहू दुसऱ्या वस्तीकडून आणायचा.

दुसऱ्या वस्तीचं आणखी एक महत्त्व आहे. तिला लागून असलेल्या तुकड्यांचे पत्ते सुरुवातीलाच हातात मिळतात. त्यात एक लाकूड आणि एक वीट आली तर पहिल्याच खेळीत रस्ता पडतो आणि लक्ष्य जवळजवळ पक्कं होतं. दोन कोपऱ्यांत मन अडकलं असेल तर हे तीन पत्ते बघून निकाल लावा.

वस्त्या ठेवण्याचा क्रम एक-दोन-तीन-चार आणि मग उलटा, चार-तीन-दोन-एक असा जातो. चौथ्याला दोन्ही वस्त्या पाठोपाठ मिळतात, म्हणून त्याने जोडी म्हणूनच विचार करावा. एक वस्ती लाकूड-विटेची, दुसरी गहू-खनिजाची, हे त्यालाच सहज जमतं. पहिल्याची पहिली आणि दुसरी वस्ती यांच्यामध्ये सहा वस्त्या पडतात. त्याने पहिल्यांदा असा कोपरा घ्यावा ज्याचं लक्ष्य त्या सहा वस्त्यांतूनही वाचेल, आणि शेवटी जे उरेल त्याने उणीव भरून काढावी.

दहा गुण कुठून येणार

वस्तीचा एक गुण, शहराचे दोन. लांब रस्ता आणि मोठी फौज (सगळ्यात जास्त, निदान तीन नाइट कार्डं खेळणाऱ्याची) यांचे दोन-दोन. आता खर्च बघा. वस्तीचं शहर करायला तीन खनिजं आणि दोन गहू, म्हणजे पाच पत्त्यांत एक गुण, वर त्या कोपऱ्याचं उत्पन्न दुप्पट. नवी वस्ती रस्त्यांसकट सहा ते आठ पत्त्यांना पडते, पण नवे आकडे आणि नवी वाट देते. डेव्हलपमेंट कार्डाला खनिज, गहू आणि मेंढी, म्हणजे तीन पत्ते. गठ्ठ्यात २५ कार्डं असतात: १४ नाइट (दरोडेखोर हलवणारी), ५ थेट गुणांची, आणि रस्तेबांधणी, सुगी, मक्तेदारी प्रत्येकी दोन. तीन नाइट हाती यायला सरासरी पाच-सहा कार्डं काढावी लागतात. तेवढ्यात गुणाचं एखादं कार्ड निघण्याचा संभव बराच असतो.

गहू-खनिजाच्या वाटेने गेलात तर सुरुवातीच्या दोन वस्त्यांची शहरं म्हणजे चार गुण. मोठ्या फौजेसकट सहा. पुढे? पाचांपैकी चार गुणकार्डं आपल्यालाच लागतील या भरवशावर कुणी बसत नाही. तिसरी वस्ती लागतेच. लाकूड-विटेच्या वाटेने पाचही वस्त्या उभ्या केल्या आणि लांब रस्ता मिळवला तर सात. मग तीन शहरं, आणि त्यासाठी खनिज. वस्तीच्या सोंगट्या फक्त पाच असतात हे अनेकजण विसरतात. पाचही पटावर गेल्या की एखादीचं शहर केल्याशिवाय सहावी नाही. दोन्ही वाटा शेवटी एकमेकींत मिसळतात. सुरुवात कुठून करायची एवढंच तुम्ही ठरवता.

लांब रस्त्याच्या मागे लवकर लागू नका. पाच सलग रस्त्यांनी दोन गुण मिळतात, पण दुसऱ्याने सहा केले की ते जातात. शिवाय तुमच्या रस्त्याच्या मधल्या मोकळ्या कोपऱ्यावर समोरच्याने वस्ती ठेवली की रस्ता तुटतो. मी तो सहाव्या-सातव्या गुणानंतर मनावर घेतो.

सात आणि हातातले पत्ते

सात पडला की सातहून जास्त पत्ते असणाऱ्याला निम्मे टाकावे लागतात. तुमची खेळी संपल्यापासून पुन्हा काही बांधता येईपर्यंत, चौघांच्या डावात, चार फासे पडतात: तिघांचे आणि तुमचा स्वतःचा. त्या चारांत एकदा तरी सात येण्याची शक्यता ५२ टक्के आहे. आठ पत्ते घेऊन खेळी संपवणं म्हणजे नाणं उडवून चार पत्ते पणाला लावणं. शहरासाठी साठवताय हे मान्य, पण तेव्हाही दोन पत्ते देऊन एक घ्या आणि आकडा सातवर आणा. तोट्यातला सौदा इथे नफ्याचा असतो.

सात पडला की दरोडेखोराची सोंगटी हलवायची असते, आणि ती ज्या तुकड्यावर बसते त्याचा माल थांबतो. मग दरोडेखोर कुठे ठेवायचा? सवयीने सगळे पुढे असलेल्याच्या ६ किंवा ८ वर ठेवतात. त्यापेक्षा तो पुढच्या खेळीत काय बांधणार ते बघा. त्याला शहर करायचंय आणि खनिज एकाच तुकड्यावरून येतं, तर तो तुकडा ९ चा असला तरी तिथेच बसवा. आणि दरोडेखोर तुमच्याच मुख्य तुकड्यावर बसला असेल तर नाइट फासा टाकण्याआधी खेळता येतो. हे विसरून मी किती पत्ते घालवलेत ते सांगत नाही.

सौदे

सौदा फक्त ज्याची खेळी चालू आहे त्याच्याशीच होतो. बँकेचा दर चारास एक, साध्या बंदराचा तीनास एक, खास बंदराचा दोनास एक. एखाद्या मालाचे आठ-नऊ ठिपके तुमच्याकडे जमले असतील तरच त्याच्या खास बंदरासाठी रस्ता वाकवा. मेंढीचं बंदर घेतलं आणि मेंढी तीनच ठिपक्यांची, तर ते बंदर शोभेचं.

पत्ता देण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: हा पत्ता मिळाल्यावर समोरचा याच खेळीत काय बांधेल? तो माझ्या लक्ष्यावर वस्ती करणार असेल तर तीन पत्ते दिले तरी नको. आठ गुणांवर असलेल्याला काहीच देऊ नये. आणि कुणी अचानक मनाचा मोठेपणा दाखवून सगळ्यांना खनिज वाटू लागला तर सावध व्हा, त्याच्या हातात मक्तेदारीचं कार्ड असू शकतं, एका मालाचे सगळ्यांकडचे पत्ते ओढून घेणारं. ते खेळलं की वाटलेलं सगळं व्याजासकट परत.

शेवटाकडे समोरच्याची न उघडलेली कार्डं मोजत राहा. आठ गुण दिसतात, दोन कार्डं जुनी आहेत आणि त्याने ती खेळलेली नाहीत, म्हणजे ती गुणांची असण्याचा वास येतो. गुणकार्ड विकत घेतलं त्याच खेळीत उघडून जिंकता येतं. मोठी फौज एकाकडून दुसऱ्याकडे गेली की अंतर चार गुणांनी बदलतं, हेही ध्यानात असू द्या.

समुद्रापलीकडे

साध्या कटानमध्ये शोध नाही म्हटलं. तो हवा असेल तर 'सीफेअरर्स' ही जोड घ्या. तिथे लाकूड आणि मेंढी देऊन जहाज मिळतं, म्हणजे एरवी जिची टिंगल होते ती मेंढी अचानक मोलाची होते. काही मांडण्यांत तुकडे पालथे असतात. जहाज किंवा रस्ता तिथे भिडवला की तुकडा उघडतो आणि माल देणारा निघाला तर त्याचा एक पत्ता बक्षीस मिळतो. इथे 'लक्ष्य' आधी दिसत नाही, म्हणून ते दोन ठेवा: एक बेटावरचं पक्कं, एक समुद्रापलीकडचं. किमान एक सुरुवातीची वस्ती किनाऱ्यावर असू द्या, नाहीतर पहिलं जहाज सुटेपर्यंत दुसऱ्यांनी नव्या बेटाचे बोनस गुण खिशात घातलेले असतात.

कटानचा कंटाळा आला असेल तर हीच सवय घेऊन तीन वेगळ्या बेटांवर जा.

'फॉरबिडन आयलंड' सगळ्यांनी मिळून खेळायचा. २४ तुकड्यांचं बेट बुडत असतं आणि चार खजिने घेऊन हेलिकॉप्टरने निसटायचं असतं. प्रत्येक खजिना दोनच जागी मिळतो. तो हाती येण्याआधी दोन्ही बुडाल्या की सगळे हरले. नवखे जवळचं पाणी उपसत बसतात. तुम्ही खजिन्यांच्या जोड्या आणि उड्डाणाची जागा सांभाळा, बाकी तुकडे बुडू द्या.

'पोर्तो रिको' २००२ चा, फाशांशिवायचा. दर खेळीला एक भूमिका निवडायची. काम सगळेच करतात, निवडणाऱ्याला थोडा जास्तीचा लाभ. इथे स्वतःचा फायदा बघून भूमिका निवडणारा हरतो, डावीकडच्याला त्यातून काय मिळेल हे बघणारा टिकतो.

आणि २०१७ चा 'स्पिरिट आयलंड'. माझा सध्याचा लाडका, आणि तिघांत सगळ्यात अवघड. इथे तुम्ही बेट वसवणारे नसता. बेटाचे आत्मे असता आणि वसवायला आलेल्यांना हुसकावता. त्यांची चाल ठरलेली असते: एका प्रकारच्या भूमीत शोध, पुढच्या फेरीला तिथेच बांधकाम, त्याच्या पुढच्या फेरीला तिथेच नासधूस. भूमीचा प्रकार सांगणारा पत्ता शोधाकडून बांधकामाकडे आणि मग नासधुशीकडे सरकत जातो, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर कुठे घाव पडणार हे आजच पटावर दिसतं. तरी बहुतेक जण आज जळतंय तिथेच धावतात. त्याऐवजी उद्या बांधकाम होणाऱ्या भूमीतला एकुलता एक शोधक आज हटवा. तिथे आक्रमकच उरला नाही तर बांधकाम होत नाही, आणि मग नासधूस करायला कुणी नसतं.

सरावासाठी एक युक्ती. एकट्याने कटानचा पट मांडा, चौघांच्या आठ वस्त्या स्वतःच क्रमाने ठेवा आणि प्रत्येक रंगाच्या तिसऱ्या वस्तीच्या जागी एक-एक रस्त्याची काडी उभी करा. दहा मिनिटांचं काम. पहिल्या दोन-तीन मांडण्यांत एखाद्या रंगाची काडी हातातच राहील, ठेवायला जागाच नसेल. मग मागे जाऊन बघा, त्या रंगाची पहिली वस्ती कुठे पडली होती.